आईचं ‘कसंतरी होतंय’ तुम्ही इंग्रजीत सांगू नका

पत्र :

माझी आई ६७ वर्षांची आहे. बाबा गेल्यावर नाशिकचं घर बंद करून दोन वर्षांपूर्वी ती ग्रीन कार्डवर आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आली. दिवाळीनंतर तिची तब्येत बिघडली. छातीत धडधड, डोकं जड, तळपायांची आग, रात्री तीनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. त्याच महिन्यात दोनदा इमर्जन्सीत नेलं. ईसीजी आणि रक्त ठीक निघालं, ‘अँग्झायटी’ असं सांगून घरी पाठवलं. शुगर-बीपीच्या गोळ्या ती नाशिकहून आणते. रात्रीची एक छोटी झोपेची गोळीही होती, ती दिवाळीत संपली. इथल्या एका इंग्रजी थेरपिस्टकडे तीनदा गेलो, मी शेजारी बसून भाषांतर केलं. चौथ्या वेळी आई गाडीतून उतरलीच नाही. ‘मी काय वेडी आहे का?’ म्हणाली. आता मंडळाच्या भजनालाही जात नाही. मराठी थेरपिस्ट कुठे मिळेल? पुण्याच्या काउन्सेलरशी व्हिडिओवर बोलून चालेल का? मंडळात कळलं तर? पुढे सिटिझनशिपला अडचण येईल का? आणि गोळ्या सुरू झाल्या तर जन्मभर घ्याव्या लागतात का? – एडिसनची एक मुलगी

ताई, नमस्कार.

मराठी थेरपिस्ट कुठे मिळेल हा तुमचा पहिला प्रश्न. आम्ही तो तिसऱ्या क्रमांकावर घेतोय, कारण त्याच्या आधीची दोन कामं याच आठवड्यात होण्यासारखी आहेत आणि त्यांना थेरपिस्ट लागत नाही.

पहिलं काम म्हणजे भाषांतर थांबवा. तुम्ही ते मनापासून केलंत, पण त्या खोलीत काय घडलं असेल याचा अंदाज करता येतो. थेरपिस्टनं विचारलं, जगणं नकोसं वाटतं का? तुम्ही मराठीत विचारलंत, ‘आई, उदास वाटतं का गं?’ आई म्हणाली, ‘आता देवानं उचललं तर बरं.’ तुम्ही इंग्रजीत सांगितलंत की ती दमली आहे. यात खोटं कुणीच बोललं नाही, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारलाही गेला नाही आणि त्याचं उत्तरही पोहोचलं नाही. पोटची मुलगी आईला तो प्रश्न सरळ विचारू शकत नाही. आईही मुलीच्या तोंडावर ‘तुमच्या घरात मला परकं वाटतं’ असं म्हणत नाही. जावई, नातू, बंद केलेलं घर, बाबांचं शेवटचं आजारपण, यातलं काहीही तुमच्यासमोर येणार नाही. शिवाय ‘जीव घाबरतो’, ‘मन लागत नाही’, ‘कसंतरी होतंय’ या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि घाईत केलेल्या इंग्रजीत तिन्हींची मिळून एक ‘अँग्झायटी’ होते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना आणि क्लिनिकना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी प्रशिक्षित दुभाष्या मोफत द्यावा लागतो. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचं कलम १५५७ हेच सांगतं. तुमचं माणूस तुम्हीच आणा, असं त्यांना म्हणता येत नाही. मात्र ही मागणी अपॉइंटमेंट घेतानाच करायची: ‘मराठी, हिंदी नाही.’ ऐन वेळी सांगितलं तर फोनच्या पलीकडे हिंदी दुभाष्या येतो, आई संकोचानं ‘चालेल’ म्हणते आणि मग ‘हाँ’, ‘नहीं’ आणि ‘ठीक है’ एवढ्यावर तपासणी आटोपते. वेळही जास्त मागून घ्या. दुभाष्यासह प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, त्यामुळे वीस मिनिटांची भेट प्रत्यक्षात दहाचीच उरते. दुभाष्या फोनवर असला तरी डॉक्टरनं आईकडे बघून बोलायचं असतं. तसं होत नसेल तर तेवढं एक वाक्य तुम्ही बोला आणि बाहेर जाऊन बसा. डॉक्टर आईला एकटीला भेटायचं म्हणतील आणि घरात कुणी त्रास देतं का हेही विचारतील. त्याचा राग मानू नका, तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात.

‘देवानं उचलावं’ हे आपल्याकडच्या बायका उठता-बसता म्हणतात. म्हणून ते सोडून देऊ नका आणि ऐकून लगेच घाबरूनही जाऊ नका. पुढचं विचारा, साध्या मराठीत: ‘स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं, ते मनात आलंय का? तशी काही तयारी केली आहेस का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. पहिल्याला ‘नाही’ आलं, तरी डॉक्टरांच्या कानावर घालायचं. ‘कसं’ याचं उत्तर आलं तर मात्र थांबायचं नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, बीपी-शुगरच्यासुद्धा, कुलपात ठेवा, तिला एकटं सोडू नका आणि ९८८ ला फोन करा. २०२२ पासून चालू असलेली ही देशभरची लाइन आहे, मोफत आणि चोवीस तास. दुभाष्या जोडून मिळतो, सुरुवातीला ‘मराठी’ एवढं इंग्रजीत सांगावं लागतं. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीसाठी चोवीस तासांचं मानसोपचार स्क्रीनिंग केंद्रही नेमलेलं आहे. जीव धोक्यात असेल तर ९११.

दुसरं काम गोळ्यांचा डबा. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: रात्रीची छोटी गोळी दिवाळीत संपली. भारतात झोपेसाठी म्हणून दिलेली छोटी गोळी पुष्कळदा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असते, कधी एटिझोलाम. ०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅमची ही गोळी कुणी लिहून दिली हेही घरात कुणाला आठवत नसतं, पण वर्षानुवर्षं ती रोज घेतली जाते. अचानक थांबली की धडधड, थरथर, घाम, झोप उडणं आणि भीती हे सगळं काही दिवसांत उसळून येतं. जास्त डोस असेल तर फिटही येऊ शकते. तुमच्या दोन्ही इमर्जन्सी फेऱ्या त्याच महिन्यातल्या आहेत. तिथे ‘रोजची कुठली गोळी नुकतीच बंद झाली का?’ हे कुणी विचारलं होतं का, आठवून बघा.

इतक्या महिन्यांनंतरचा सगळा त्रास त्या एका गोळीवर ढकलता येणार नाही. त्या गोळीनं जे झाकून ठेवलं होतं ते उघडं पडलं असणार. पण पाकिटावरचं नाव कळल्याशिवाय पुढचे उपचार नीट ठरत नाहीत. तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांना किंवा केमिस्टला आजच फोन करा: नाव, किती मिलिग्रॅम, किती वर्षं. आणि उन्हाळ्यात कुणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर दहा पट्ट्या मागवण्याचा मोह टाळा. साठी ओलांडलेल्या माणसात या गोळ्यांनी तोल जातो, हाड मोडतं, विसराळूपणा वाढतो. एटिझोलामला तर अमेरिकेत मान्यताच नाही, २०२३ पासून ते इथे बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे.

आता हा डबा घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. डबा म्हणजे अख्खा डबा: पट्ट्या, काढे, अश्वगंधा, सांधेदुखीची गोळी, सगळं टेबलावर ओता. यादी लिहून नेली की ‘ते काय औषध आहे थोडंच’ म्हणून नेमकं एखादं राहतं. तळपायांची आग ऐकून आम्हाला आधी मन आठवत नाही, बी-१२ आठवतं. शाकाहारी जेवण आणि त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन असेल, तर बी-१२ कमी होण्याची दोन कारणं एकाच माणसात जमतात. त्यातून पायांची आग होते, थकवा येतो आणि मनही खचतं. थायरॉइड बिघडलं तरी धडधड आणि निद्रानाश दिसतो. म्हणून सीबीसी, टीएसएच, बी-१२, व्हिटॅमिन डी, सोडियम आणि तीन महिन्यांची शुगर या तपासण्या नाव घेऊन मागा. इमर्जन्सीत ‘रक्त नॉर्मल’ म्हणतात ते मुख्यतः हृदयासाठीचं असतं. बी-१२ तिथे सहसा बघत नाहीत.

याच भेटीत पीएचक्यू-९ हा डिप्रेशन मोजणारा फॉर्म भरून घ्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर उपचारांचं बोलायचं, २० किंवा जास्त असतील तर त्रास तीव्र धरतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, तिथे ० सोडून काहीही असेल तर एकूण बेरीज कितीही असो, डॉक्टरनं त्यावर बोललंच पाहिजे. हा फॉर्म मराठीतही मिळतो. आईनं तो स्वतः भरायचा. शेजारी बसून ‘अगं, एवढं काही नाही, एक लिही’ असं सांगायचं नाही. आकड्याला फार मोठं समजू नका, पण सहा आठवड्यांनी पुन्हा भरला की फरक पडतोय का ते त्यातून दिसतं.

फॅमिली डॉक्टरांना एक विचारा: तुमच्याच दवाखान्यात बिहेव्हियरल हेल्थची, म्हणजे मनाच्या उपचारांची, सोय आहे का? काही ठिकाणी डॉक्टर, एक केअर मॅनेजर आणि मागे सल्ल्याला सायकिअ‍ॅट्रिस्ट अशी जोडणी असते. आईसारख्यांना हे फार सोयीचं पडतं, कारण दारावर ‘मेंटल हेल्थ’ची पाटी नसते. ती रोजच्याच डॉक्टरकडे जाते.

मग थेरपिस्ट. इथे नावांचा घोळ होतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट हा एमडी, औषध लिहितो, तासभर बोलत बसेलच असं नाही. सायकॉलॉजिस्ट पीएचडी किंवा सायडी झालेला, तपासणी आणि थेरपी करतो, न्यू जर्सीत औषध लिहून देत नाही. एलसीएसडब्ल्यू, एलपीसी, एलएमएफटी हे परवानाधारक थेरपिस्ट, बहुतेकांची थेरपी यांच्याकडेच होते. एलएसडब्ल्यू आणि एलएसी यांचा परवाना वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करण्याचा असतो. यांना कमी लेखू नका, त्यांच्याकडे जागा लवकर मिळते आणि फीही कमी असते. ‘लाइफ कोच’ किंवा ‘वेलनेस काउन्सेलर’ एवढंच लिहिलं असेल तर परवाना नाही असं समजून चौकशी करा. न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर नाव टाकलं की परवाना चालू आहे का ते दोन मिनिटांत कळतं.

शोध एडिसनपुरता ठेवू नका. परवाना राज्याचा असतो, त्यामुळे व्हिडिओवर न्यू जर्सीतला कुठलाही थेरपिस्ट चालतो. न्यू जर्सी सायपॅक्ट करारात असल्यानं त्या करारातल्या दुसऱ्या राज्यांमधले नोंदणीकृत सायकॉलॉजिस्टही घेता येतात. रुग्ण त्या क्षणी कुठे बसला आहे हे कायदा बघतो. आई महिनाभर टेक्ससला मावशीकडे जाणार असेल तर सेशन चालू राहील का, हे आधीच विचारून ठेवा. शोधायला सायकॉलॉजी टुडेच्या यादीत भाषेची चाळणी आहे, साउथ एशियन थेरपिस्ट्स नावाची स्वतंत्र यादी आहे आणि न्यू जर्सीतच काम करणारी साउथ एशियन मेंटल हेल्थ इनिशिएटिव्ह अँड नेटवर्क, म्हणजे ‘सॅमहिन’ ही संस्था आपल्या लोकांना योग्य व्यावसायिकापर्यंत पोहोचायला मदत करते.

यादीत ‘मराठी’ लिहिलं म्हणजे मराठीत थेरपी होते असं नाही. इथे वाढलेल्या थेरपिस्टची मराठी पुष्कळदा आजीशी फोनवर बोलण्यापुरती असते. बहुतेक जण पंधरा मिनिटं फुकट बोलतात. त्यात विचारा: अख्खं सेशन मराठीत घेता का, की फक्त समजतं? साठीच्या पुढचे रुग्ण बघता का? जोडीदार गेल्याच्या दुःखावर काम केलंय का? मग पाच मिनिटं फोन आईकडे द्या. ‘झोप कशी आहे?’ याला आईनं मोकळेपणानं चार वाक्यं उत्तर दिलं, तर मुलाखत पास. मराठी नाहीच मिळाली, तर मोडक्या मराठीतल्या थेरपिस्टपेक्षा चांगल्या दुभाष्यासह अनुभवी थेरपिस्ट आम्ही पसंत करू. त्यांना कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू वापरता का, एवढं विचारा. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन ग्रंथात २०१३ पासून असलेले हे सोळा प्रश्न आहेत. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, घरच्यांना काय वाटतं, याआधी काय करून पाहिलंत, अशा धर्तीचे. ‘वेडी’ हा शब्द आईच्या पोटात का रुतून बसलाय हे कळायला यापेक्षा सोपी वाट नाही.

पैशाचं थोडक्यात. आईचा विमा गेट कव्हर्ड न्यू जर्सी या राज्याच्या विमा-साइटवरून घेतलेला असेल तर मानसिक उपचार त्यात असलेच पाहिजेत. अडचण येते ती नेटवर्कच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांच्या, यादीत: नावं असतात, पण नवे पेशंट घेत नाहीत. वहीत तारीख, नाव, उत्तर लिहीत दहा फोन करा आणि ती वही घेऊन विमा कंपनीला सांगा, मराठी येणारा कुणी नाही, नेटवर्क गॅप एक्सेप्शन द्या. कधी कधी बाहेरच्या थेरपिस्टला आतल्या दरानं मंजुरी मिळते. तुमच्या किंवा जावईबापूंच्या नोकरीत ईएपी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची मदत योजना, असेल तर काही सेशन फुकट मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यात घरात राहणारी माणसंही येतात. खिशातून द्यायचे झाले तर तुमच्या भागात सेशनला साधारण १५० ते २५० डॉलर धरा. गुड फेथ एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा अंदाज, लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे.

पुण्याचा काउन्सेलर व्हिडिओवर? मुख्य उपचार म्हणून नको. माणूस न्यू जर्सीत बसला असेल तर परवाना न्यू जर्सीत चालणारा लागतो, विमा एक पैसा देत नाही आणि रात्री दोनला काही झालं तर पुण्याहून इथली ॲम्ब्युलन्स बोलावता येत नाही. तिथे लिहिलेलं औषध इथल्या फार्मसीत चालत नाही. म्हणून मग कुरिअरनं गोळ्या येऊ लागतात आणि आपण पुन्हा डब्यापाशी येतो. आईला नाशिकच्या मैत्रिणीशी रोज तासभर बोलू द्या, त्याचा उपयोग आहे. त्याला थेरपी म्हणू नका इतकंच.

मंडळात कळेल का? थेरपिस्टकडून कळणार नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावणारा एचआयपीएए कायदा आहेच, शिवाय रस्त्यात भेटले तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही हा त्यांचा व्यवसायाचा शिरस्ता आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका, मुलांवरचा अत्याचार आणि कोर्टाचा हुकूम असे मोजके अपवाद असतात, ते पहिल्याच भेटीत समजावून देतात. थेरपिस्ट तुमच्याच मंडळातला निघाला तर त्यानं स्वतःहून दुसऱ्याकडे पाठवायला हवं. एक गोष्ट तुम्हाला जड जाईल: आईनं सही केल्याशिवाय तो तुम्हालाही काही सांगणार नाही. तुम्ही त्याला सांगू शकता, तो ऐकून घेईल. पण ‘आज काय बोललात?’ असं आईला गाडीत विचारू नका. पुढच्या वेळी ती कमी बोलेल.

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिपला थेरपीनं किंवा डिप्रेशनच्या गोळीनं बाधा येत नाही. इमिग्रेशनच्या वैद्यकीय तपासणीत बघतात ते आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असं वागणं. नुसतं निदान नव्हे. आणि आईची ती तपासणी केव्हाच होऊन गेली आहे.

गोळ्यांबद्दल. बाबांना जाऊन वर्षाहून अधिक काळ झाला आणि तरी रोजचं जगणं थांबलं असेल तर डॉक्टर दीर्घ शोक आणि डिप्रेशन दोन्ही तपासतील. डिप्रेशन निघालं तर बहुधा सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्राम सुरू होईल, तेही अर्ध्या मात्रेनं. पहिला आठवडा मळमळ आणि थोडी बेचैनी वाढते. ‘मानवत नाही’ म्हणून आपल्याकडे नेमकी इथेच गोळी बंद होते. फरक दोन ते चार आठवड्यांनी जाणवतो, पूर्ण अंदाज सहा-आठ आठवड्यांनी येतो. बरं वाटल्यावर पुढे साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून हळूहळू कमी करतात. काहींना जास्त काळ लागते, पण जन्मभर हा नियम नाही, आणि या गोळ्यांची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही. आईच्या वयात दोन गोष्टी बघायच्या. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर या नव्या गोळीबरोबर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. गोंधळल्यासारखं बोलणं किंवा तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, नाहीतरी दोन ते चार आठवड्यांनी सोडियम तपासून घ्याच. आणि गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन चालू असेल तर सांगा, ते आणि ही नवी गोळी मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आईला सांगताना ‘हार्टच्या डॉक्टरकडे जातोय’ असं फसवून नेऊ नका, ते एकदाच चालतं. ‘झोप आणि धडधड यासाठी जायचं, आणि बाबा गेल्यापासून मनावर जो भार आहे त्यावर बोलणारं माणूस तिथे आहे’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. दिवसभराचंही बघा. गाडी येत नाही, सकाळी आठ ते सहा घर रिकामं, अशात कुणाचंही मन उतरेल. इझेलिन-एडिसन भागात भारतीय ज्येष्ठांसाठी डे केअर सेंटर आहेत, घरून नेऊन आणून सोडणारी. मंडळाचं भजन महिन्यातून एकदा, हे रोजचं. एक दिवस बघायला म्हणून जाऊ द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी म्हणालंच असेल: ‘थोडे दिवस इंडियाला पाठवा, बरी होईल.’ होऊही शकते, बंद घर उघडून बाबांच्या वस्तू आवरणं हाही शोकाचा भाग आहे. पण तारखा बघून. सहा महिन्यांच्या आत परत आणा. त्याहून लांबलं तर सिटिझनशिपसाठी मोजायचा सलग वास्तव्याचा काळ तुटल्याचं धरलं जाऊ शकतं, वर्ष उलटलं तर ग्रीन कार्डच अडचणीत येतं. जास्त राहायचं असेल तर री-एंट्री परमिटचा आय-१३१ अर्ज ती इथे असतानाच करावा लागतो. नवी गोळी सुरू करून लगेच पाठवू नका, निदान आठ आठवडे जाऊ द्या. जाताना पूर्ण मुक्कामाची औषधं मूळ बाटल्यांत आणि जेनेरिक नावांचं पत्र सोबत द्या. तिथे रात्री काही वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात, फक्त तो भारतातूनच लागतो. आणि नाशिकच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच कळवून ठेवा की ती छोटी गोळी पुन्हा लिहून द्यायची नाही.